राजपत्रात नाव येईपर्यंत

थाविन माडावर अर्ध्यात थांबला, तेव्हा एर्लिंदा खाली चुलाणात वाळक्या झावळ्या सारत होती. रोज सकाळी तो तीसेक माड चढायचा, पोयींखाली, म्हणजे मिटलेल्या फुलोऱ्यांखाली, लावलेले डबे उतरवायचा, पोयींना नवे काप द्यायचा, आणि गुळाच्या पहिल्या काहिलीला उकळी फुटायच्या आत शेवटचा रस घेऊन परत यायचा. बांबूच्या शिडीची करकर हे तिचं घड्याळच होतं. त्या दिवशी ती करकर मध्येच बंद पडली. तिने वर पाहिलं. कपाळ खोडाला टेकवून तो नुसता उभा होता.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. वारा खातोय."

वारा अजिबात नव्हता. कालव्याच्या पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती.

तो खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ जांभळट पडले होते. जवळच्या मे क्लोंग गावच्या डॉक्टरने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि चिठ्ठी लिहून बँकॉकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर हृदय दाखवलं. एक झडप कडक झाली होती, नीट उघडतच नव्हती. माडावर चढणं आजपासून बंद. औषधं चालू करू, पण आज ना उद्या शस्त्रक्रिया करावी लागेल, असं त्या म्हणाल्या.

थाविन मान डोलावत होता. एर्लिंदाच्या मनात सगळ्यात आधी जो विचार आला तो नवऱ्याचा नव्हता. तो अर्जाचा होता. आता अर्जाचं काय होणार? पुढच्याच क्षणी तिला स्वतःची अशी शिसारी आली की डॉक्टरीणबाईंची पुढची दोन वाक्यं तिने ऐकलीच नाहीत.

अर्ज थाई नागरिकत्वाचा होता. एर्लिंदा फिलिपीन्सची. चौदा वर्षांपूर्वी इथल्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायला आली. शाळेच्या जत्रेत माडाच्या गुळाचं दुकान मांडून बसलेल्या एका अबोल विधुराशी तिने गुळाच्या भावावरून हुज्जत घातली, आणि तीन वर्षांनी त्याच्याशीच लग्न केलं. सगळे तिला लिन म्हणायचे. तिच्या गावीही माडच होते, त्यामुळे रसाचा वास तिला परका वाटला नाही. परका होता तो कागद. दरवर्षी व्हिसा वाढवून घ्यायचा, दर नव्वद दिवसांनी आपण कुठे राहतो ते कळवायचं, आणि वाडी, घर, चुलाण यांतलं काहीही आपल्या नावावर होऊ शकत नाही हे लक्षात ठेवायचं. मूलबाळ झालं नव्हतं. असतं तर वाडी त्याच्या नावावर गेली असती.

तरी लग्नानंतर नऊ-दहा वर्षं तिने याची फिकीर केली नव्हती. मग पलीकडच्या कालव्यावरच्या बुआवानचा नवरा गेला. बुआवान लाओसची, वीस वर्षं इथे संसार केलेली. नवरा छपरावरून पडला. परदेशी बाईला जमीन ठेवता येत नाही, वर्षाच्या आत विका, असं तिला सांगण्यात आलं. तिचा व्हिसाही नवऱ्याच्याच नावावर चालत होता. विक्री झाली त्या दिवशी ती दोन पिशव्या घेऊन एका टेम्पोत बसली. एर्लिंदा तिला निरोप द्यायला गेली होती. बुआवान रडली नाही. "घराची किल्ली कुणाकडे देऊ गं?" एवढंच विचारत राहिली.

त्यानंतर एर्लिंदाने कागद गोळा करायला सुरुवात केली. लग्नाचा दाखला, नवऱ्याचं उत्पन्न, स्वतःच्या जन्माचा दाखला, त्याचं भाषांतर, भाषांतरावरचा शिक्का, शिक्क्यावरचा दुसरा शिक्का. तीनदा फाइल परत आली. चौथ्यांदा पोलिसांच्या विशेष शाखेतल्या विलायवानबाईंनी सगळी पानं उलटून पाहिली आणि पावती दिली. पस्तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, नीटनेटक्या बाई. त्या एर्लिंदाला ताई म्हणायच्या.

"किती दिवस लागतील?" तिने विचारलं होतं.

"दिवस नाही ताई, वर्षं. राजपत्रात नाव छापून येईपर्यंत दोन, कधी तीन. मधे फोन करू नका, आम्हीच करू." मग चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. हा अर्ज तुमच्या लग्नावर उभा आहे. शेवटपर्यंत लग्न टिकायला हवं. घटस्फोट झाला किंवा यजमानांचं काही झालं, तर अर्ज तिथेच संपतो."

त्या वेळी थाविन बाहेर बाकावर बसून शेंगा खात होता आणि शेजारच्या माणसाला गूळ कसा ओळखावा ते समजावून सांगत होता. बाई हे सांगून मोकळ्या झाल्या, एर्लिंदाही ऐकून मोकळी झाली. आता, पाच महिन्यांनी, बँकॉकहून परतताना ते वाक्य गाडीत तिच्या शेजारी येऊन बसलं.

माड चढायला उदोम नावाचा पन्नाशीचा गडी ठेवला. थाविन खालून त्याला शिव्या घालायचा. "काप तिरका दे रे! पोय आहे ती, काकडी नाही!" बाकी वेळ तो काहिलीजवळ खुर्चीत बसून असायचा. दुपारी झोपला की एर्लिंदा हातातलं काम टाकून येऊन उभी राहायची. त्याची छाती वर जाते का, खाली येते का, बघायची. कधी दोन श्वासांमध्ये जरा जास्त वेळ जायचा आणि ती त्याच्या नाकाशी बोट धरायची. श्वास परत आला की तिला हायसं वाटायचं, आणि त्याच्या पाठोपाठ ती शिसारी. हे हायसं वाटणं कुणासाठी? त्याच्यासाठी की राजपत्रासाठी? गळ्यातला क्रूस मुठीत धरून ती देवाला विचारायची.

ही गोष्ट तिच्या नणंदेने बरोबर हेरली. लामयाइ थाविनपेक्षा सहा वर्षांनी मोठी, शेजारच्याच घरात एकटी राहायची. तोंडाने फटकळ. थाविननंतर लिनला जावं लागलं तर वाडी लामयाइकडे येणार हे सगळ्या कालव्याला माहीत होतं, आणि लामयाइला ते माहीत आहे हेही सगळ्या कालव्याला माहीत होतं.

"किती वेळा बघशील गं त्याच्याकडे?" एकदा ती कुंपणावरून म्हणाली. "कणगीतला तांदूळ पुरेल का बघतात, तशी बघतेस."

एर्लिंदा काहिलीकडे वळली. उपमा इतकी नेमकी होती.

जुलैत घराची तपासणी झाली. विलायवानबाई एका फोटोवाल्या हवालदाराला घेऊन आल्या. स्वयंपाकघर, बिछाना, दोन दातांचे ब्रश, दोघांचे एकत्र फोटो, सगळं टिपलं. थाविनने सैल विजार घातली होती, पायांची सूज दिसू नये म्हणून. तो ताठ बसला होता आणि नको तितका हसत होता.

"तब्येत कशी आहे काका?"

"ठणठणीत! थांबा, आमचा गूळ चाखून बघा." आणि कुणी थांबवायच्या आत तो उठला, आतून गुळाचं भांडं घेऊन आला. जेमतेम दहा पावलं. परत येऊन बसला तेव्हा त्याला बोलता येईना. हवालदाराने फोटो काढायचं थांबवलं. विलायवानबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला, हळूहळू विरघळू दिला. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत त्या खालीच बघत होत्या. मग म्हणाल्या, "छान आहे. आता मला तुमच्या बहिणीशी बोलायचंय. एकट्या."

लामयाइच्या खिडकीतून तिचे हात तेवढे दिसत होते. ते हात वर जात होते, पसरत होते, मांडीवर आपटत होते. वीस मिनिटं ते हात बोलत राहिले. एर्लिंदा काहिलीपाशी उभी होती, डवली फिरवायचंही विसरून. ही बाई सांगेल की लग्न नावापुरतं आहे. सांगेल की मी नागरिकत्वाच्या कार्डासाठी टिकून आहे. सांगायला खोटं बोलावंही लागणार नाही, मी त्याच्याकडे कशी बघते तेवढं सांगितलं तरी पुरे. तिचे तळहात गार पडले, चुलाणाच्या धगीत उभं राहून गार.

विलायवानबाई गेल्या. लामयाइ बाहेर आली, तिच्याकडे न बघता म्हणाली, "काहील करपतेय तुझी."

काय सांगितलं ते विचारायची एर्लिंदाची छाती झाली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत बँकॉकला मुलाखतीचं बोलावणं आलं. थाविनला आता जिना चढताना तीनदा थांबावं लागत होतं. लांबलचक टेबलाच्या पलीकडे पाच जण बसले होते. आधी त्याला आत घेतलं, मग तिला. काल रात्री काय जेवलात? सासऱ्यांचं नाव काय? नवरा बिछान्याच्या कोणत्या बाजूला झोपतो? ती उत्तरं देत गेली. टोकाला बसलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "तुमचे यजमान फार दमलेले दिसले."

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. मग ती म्हणाली, "हृदयाचा आजार आहे त्यांना."

"आणि त्यांचं काही बरंवाईट झालं, तर तुम्ही कुठे राहाल?"

एवढी वर्षं बोललेली थाई भाषा ऐन वेळी तिला सोडून गेली. "तिथेच," ती कशीबशी म्हणाली. "दुसरीकडे कुठे जाणार?"

गृहस्थ काहीतरी लिहू लागले. पुष्कळ वेळ लिहीत होते. एवढ्याशा उत्तरावर एवढं लिहिण्यासारखं काय होतं? पुढे कित्येक आठवडे ती बोटं, ते पेन, ती कागदावरची खसखस तिच्या डोक्यातून जात नव्हती.

"तुम्हाला काय विचारलं?" परतताना तिने थाविनला विचारलं.

"बायको थाई व्हावी असं का वाटतं, असं विचारलं."

"मग?"

"सांगितलं काहीतरी." तो खिडकीबाहेर बघू लागला.

एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या सणाला, थोरांच्या हातांवर सुवासिक पाणी घालायला एर्लिंदा मोगऱ्याच्या पाकळ्या निवडत बसली होती. लामयाइ अंगणात आली ती तरातरा. चेहरा लालबुंद, हातात फोन.

"तुला ठाऊक होतं की नव्हतं? आधी ते सांग!"

"काय, ताई?"

"बँकॉकच्या हॉस्पिटलचा फोन आला मला. घरचा दुसरा नंबर म्हणून माझा दिलाय त्याने. दोनदा तारीख दिली त्यांनी शस्त्रक्रियेची. दोनदा! आणि दोन्ही वेळा हा पठ्ठ्या नाही म्हणाला! आता तिसरी देताहेत, तर हा फोनच उचलत नाहीये."

एर्लिंदाच्या मांडीवरचं ताट घरंगळलं. "मला म्हणाले की अजून तारीखच नाही. औषधांवर भागतंय म्हणाले."

लामयाइ तिच्याकडे टक लावून बघत राहिली. खरं-खोटं पारखत असावी. मग तिचा आवाज खाली आला, आणि तो आवाज आरडाओरड्यापेक्षा भयंकर होता. "तुझ्या त्या कागदापायी मरतोय तो. कळतंय का तुला? टेबलावर मेलो तर बायकोचा अर्ज बुडेल, म्हणून थांबलाय. उदोमला म्हणाला तसं. मला नाही, तुला नाही, उदोमला!"

थाविन घरामागे पाण्याच्या पायरीवर बसून होडीची दोरी वळत होता. दोघींना एकत्र येताना पाहून त्याने ओळखलं.

"खरं आहे?" एर्लिंदाने विचारलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली माहितीये? शंभरातले चार-पाच उठत नाहीत. माझ्या वयाला, माझ्या छातीला, कदाचित जास्त. तसाच पडून राहिलो तर अजून वर्षभर काढेन. वर्षात तुझं नाव छापून येईल. मग कापू देत त्यांना, हवं तितकं."

"आणि वर्ष नाही निघालं तर?"

"निघेल."

"कुणी सांगितलं निघेल म्हणून?"

"लिन," तो शांतपणे म्हणाला, "बुआवानला निरोप देऊन आलीस त्या दिवशी तू दोन दिवस जेवली नाहीस. मी बघत होतो. तुला दोन पिशव्या घेऊन त्या टेम्पोत चढताना मी मेल्यावर कसा बघू?"

लामयाइ तोंड फिरवून निघून गेली. एर्लिंदा पायरीवर बसून राहिली. वर्षभर ती ज्याचे श्वास मोजत होती, तो तेच श्वास तिच्यासाठी पुरवून पुरवून वापरत होता. आजवर तिला दोन भीती आहेत असं वाटत होतं, एक त्याची आणि एक कागदाची. आता त्या एकमेकींत घुसल्या होत्या. कागद जितका लांबेल तितका हा माणूस मरणाच्या जवळ जाणार. आणि कागद कुठे अडलाय, टोकाच्या गृहस्थांनी काय लिहिलंय, हे विचारायलाही बंदी.

सण संपून कचेरी उघडली त्या सकाळी ती विलायवानबाईंपुढे जाऊन बसली.

"मला अर्ज मागे घ्यायचाय."

बाईंनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मागे घेतलात तर सगळं पहिल्यापासून, ताई. सगळे कागद नव्याने. आणि यजमान आता कामाला जात नाहीत. त्यांच्या उत्पन्नाचा दाखला परत मिळेल की नाही, मला सांगता येत नाही."

"म्हणजे परत होणारच नाही कदाचित."

"कदाचित." बाईंनी टेबलावरचा कागद सरळ केला, मग परत सरळ केला. "काय करावं हे मी नाही सांगू शकत. माझं ते काम नाही. पण पत्र साध्या कागदावर चालतं. घरी जाऊन लिहा. यजमानांना दाखवा. मग या."

घरी येऊन तिने जेवणाच्या टेबलावर बसून पत्र लिहिलं. थाई अक्षरं ती अजूनही शाळेतल्या मुलीसारखी गोल काढायची. थाविन समोर बसून बघत होता. पहिली ओळ होईपर्यंत त्याला वाटलं ती धमकावतेय. तिसऱ्या ओळीला तो उठून उभा राहिला.

"दीड वर्ष! दीड वर्ष घातलंय आपण त्यात!"

"बसा. उभं राहू नका."

"तू नाही देणार हे पत्र."

तिने खाली सही केली, तारीख घातली. पत्राची घडी घातली. "उद्या सकाळच्या गाडीने जाते."

"लिन, डोकं फिरलंय का तुझं? कुठे राहशील मग?"

"ते तुम्ही मेल्यावर बघेन. आत्ता तुम्ही जिवंत आहात आणि मला त्याचीच जास्त भीती वाटतेय. रोज झोपता तेव्हा मी येऊन उभी राहते, माहितीये तुम्हाला? कशासाठी बघते तेसुद्धा मला कळेनासं झालंय. असं जगता नाही येत मला. कागद राहू दे, नाहीतर तुम्ही राहा. दोन्हीची वाट एकदम नाही बघवत."

त्या रात्री तो जेवला नाही. थाविन रागावलेला तिने अकरा-बारा वर्षांत पाहिला नव्हता. तो राग थंडगार होता, आणि पहाटेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होता.

सकाळी तिने शाळेत शिकवायला जाताना घालायचा चांगला झगा घातला, पत्र पिशवीत टाकलं. खाली उतरून चपला घातल्या. अंगण ओलांडून फाटकाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "थांब."

तो वर ओसरीत उभा होता. कानाला फोन होता.

"हो, मीच," तो फोनमध्ये सांगत होता. "तिसरी तारीख द्या. नाही, या वेळी नक्की. हो. हो, बायको ऐकतेय. फाटकात उभी आहे ती. पिशवीत बॉम्ब घेऊन."

पत्र पिशवीतच राहिलं. मे महिन्याच्या अखेरीस बँकॉकच्या हॉस्पिटलात त्याला चाकांच्या खाटेवरून आत नेलं. दार बंद झालं आणि एर्लिंदाच्या लक्षात आलं की शेवटचं काय बोलायचं ते बोललंच गेलं नाही. नर्सला पाणी मागत होता तो, आणि नर्स नाही म्हणत होती. शेवटचं बोलणं ते.

लामयाइ आणि ती भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसल्या, मधे एक खुर्ची सोडून, तिच्यावर लामयाइची पिशवी. चार-पाच तास लागतील असं सांगितलं होतं. पाच झाले. सहावा सुरू झाला. दार उघडलं की दोघी एकदम उभ्या राहायच्या आणि दुसऱ्याच कुणाचे तरी नातेवाईक पुढे व्हायचे.

"काही खाऊन ये," लामयाइ म्हणाली.

"तुम्ही खा, ताई."

"मी कशी खाऊ? मी लहानपणी त्याला कडेवर घेऊन आपल्या कालव्यात पडले होते. तेव्हापासून धसका आहे मला त्याचा." मग ती एकदम म्हणाली, "त्या पोलिसबाईला मी काय सांगितलं, ते तू कधी विचारलं नाहीस."

एर्लिंदाला आत्ता हे नको होतं. "भीती वाटली," ती म्हणाली.

"वाटावीच. मी सांगितलं की ही बाई आमटीत वाटेल ते घालते. फटकन बोलत नाही, मनात ठेवते, ते मला आवडत नाही. आमच्यातली नाही वाटत अजून. आणि हेही सांगितलं की ती चर्चला गेली की हा माणूस जेवायचा थांबतो. रविवारी दोन-दोन वाजेपर्यंत. भाऊ माझा, मी वाढलं तरी जेवत नाही." तिने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "वाडी मला नको आहे असं मी म्हणणार नाही. हवी होती. पण खोटं कशाला सांगू?"

एर्लिंदाने मधल्या खुर्चीवर हात ठेवला. लामयाइने तो पाहिला, धरला नाही, पण स्वतःची पिशवी त्या खुर्चीवरून उचलून खाली ठेवली.

सातव्या तासाला सर्जन बाहेर आले. झडप बदलली होती, पण रक्त थांबत नव्हतं, छाती परत उघडावी लागत होती. एवढंच सांगून ते आत गेले. लामयाइ पुटपुटत मंत्र म्हणू लागली, एर्लिंदा जपमाळ ओढू लागली. पुढच्या दोन तासांत एर्लिंदाला एक गोष्ट जाणवली, आणि ती इतक्या भीतीतही जाणवावी याचं तिला नवल वाटलं. राजपत्र, कार्ड, वाडी यांतलं काहीच मनात येत नव्हतं. मुद्दाम आणून पाहिलं तरी येत नव्हतं. दार तेवढं होतं समोर.

मग दार उघडलं. रक्त थांबलं होतं.

थाविन तीन आठवड्यांनी घरी आला. निम्मा झाला होता, आणि तक्रारी दुप्पट. त्याच्या छातीतल्या नव्या झडपेची आता बारीक टिकटिक ऐकू यायची. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे नवी भीती सुरू झाली. विळी लपवायची, पायरीवर शेवाळ राहू द्यायचं नाही, साधं नाकातून रक्त आलं तरी गाडी बोलवायची. एर्लिंदा दुपारी अजूनही येऊन उभी राहायची. आता तो डोळे मिटूनच म्हणायचा, "चालू आहे. जा, काहील बघ."

अर्जाची काही खबर नव्हती. पावसाळा गेला, थंडी गेली, परत सण आला. अनोळखी नंबरवरून फोन आला की तिची पाचावर धारण बसायची. जूनमध्ये एकदा फोन वाजला आणि तो विलायवानबाईंचा होता.

"ताई, एक खात्री करायची आहे, फाइल पुढे जाण्याआधी. तुम्ही दोघं अजून एकत्र राहता?"

"हो."

"यजमान हयात आहेत?"

साधा कागदावरचा प्रश्न. पण जणू तिने चुकीचं उत्तर दिलं तर ते खरं होणार होतं. ती फोन घेऊन घरामागे धावली. थाविन पायरीवर बसून बांगडे साफ करत होता, चाकू वापरायला बंदी असताना.

"आहेत," ती म्हणाली. "हे बघा, इथेच आहेत. अहो, बोला काहीतरी!"

"काय बोलू?" थाविन म्हणाला.

"पुरे," पलीकडून बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हसू आलं. "ऐकू आलं मला."

राजपत्रात नाव आलं ते ऑगस्टमध्ये. उदोमने ते मोबाइलवर शोधलं आणि माडावरूनच ओरडून वाचून दाखवलं, वडिलांच्या नावासकट सगळे उच्चार चुकवत. एर्लिंदाला आनंदाची वाट बघावी लागली. दोन-तीन दिवस तिला वाटत राहिलं की कुणीतरी फोन करून म्हणेल, चूक झाली, ती दुसरी कुणी एर्लिंदा.

तालुक्याच्या कचेरीत घराच्या नोंदवहीत नाव चढवायला घरमालकाची सही लागते. थाविनने ती सावकाश केली, जीभ दाताखाली धरून. मग तिला वरच्या मजल्यावर नेऊन एका पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. केस कानामागे घ्या, म्हणाले. इकडे बघा, म्हणाले. दहा मिनिटांनी कारकुनाने गरम गरम कार्ड तिच्या हातात दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी लामयाइ ओसरीवर बसून होती. तिने हात पुढे केला, कार्ड डोळ्यांपासून लांब धरून निरखलं.

"हे काय गं? भूत बघितल्यासारखी दिसतेयस."

"फोटो काढताना हे बाहेर जिना चढत होते," एर्लिंदा म्हणाली. "मला दिसत नव्हते."

"मग?"

"मग काय. यांचे पाय वाजायची वाट बघत होते मी."

लामयाइने कार्ड परत दिलं. आतून थाविनचा आवाज आला, भूक लागलीय म्हणून. दोघी एकदम उठल्या.